अंडमोचनाची वेळ अंडाशयच ठरवते

पाळीच्या चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते, म्हणजे अंडमोचन होते, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितले जाते की त्याची शहानिशा करावी असे फारसे कुणाला वाटत नाही. शालेय पुस्तकातील आकृतीत चक्र २८ दिवसांचे असते, बरोबर मध्यावर एक बाण असतो आणि त्या बाणाखाली १४ हा आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात नियमित पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्येही हा दिवस बराच मागेपुढे होतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या लघवीच्या नमुन्यांतील संप्रेरके (हार्मोन) मोजून अंडमोचनाचा दिवस काढला आणि तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. गर्भधारणा होऊ शकेल असे सहाच्या सहा दिवस पाळीच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांत येतात, अशा स्त्रिया त्यांना सुमारे ३० टक्केच आढळल्या. उरलेल्यांच्या बाबतीत त्या सहा दिवसांतले काही दिवस तरी या चौकटीच्या बाहेर पडत होते.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा भाग शिकवताना फळ्यावर एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉन या चार संप्रेरकांच्या चार रेघा काढाव्या लागतात, आणि मुली त्या रेघांचे चढउतार पाठ करून परीक्षेत बरोबर काढूनही दाखवतात. पण एक रेघ का चढली आणि दुसरी नेमकी त्याच वेळी का उतरली, हे विचारले की वर्ग शांत होतो. नात्यातल्या आणि ओळखीच्या मुली फॉलिक्युलर स्टडीचा, म्हणजे अंडाशयात बीज कसे वाढते आहे हे पाहणाऱ्या सोनोग्राफीचा, कागद घेऊन येतात तेव्हाही हेच जाणवते. त्या कागदावर ‘उजवे १४ बाय १३, डावे काही नाही, अस्तर ७.२’ असे मिलिमीटरमधले आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात. त्या आकड्यांवर त्या मुलीची सगळी आशा टांगलेली असते, आणि ते आकडे नेमके काय सांगतात हे मात्र तिला कुणीही बसून समजावलेले नसते. या लेखात मला ते नीट, क्रमाने लिहायचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की माणसाच्या शरीरात अंडमोचनाचे घड्याळ मेंदूत नसून अंडाशयात असते, आणि ही एक गोष्ट ध्यानात घेतली की चारही रेघांचा अर्थ लागतो.

सुरुवात थोडक्यात सांगते. पाळी येण्याच्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून येणारे एफएसएच हे संप्रेरक थोडे वाढते आणि त्याच्या आधाराने अंडाशयातील काही लहान पुटके, म्हणजे सोनोग्राफीच्या खोलीत ज्यांना फॉलिकल म्हणतात ती, एकत्र वाढू लागतात. प्रत्येक पुटकात एक स्त्रीबीज असते. त्याच्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचे थर असतात आणि त्यांच्या बाहेर, एका पातळ पटलापलीकडे, थीका पेशी असतात. या दोन पेशींनी काम वाटून घेतलेले आहे. थीका पेशी पियुषिकेच्याच एलएच या दुसऱ्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून अँड्रोजेन, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी संप्रेरके म्हणतो ती, तयार करतात. ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून ॲरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) बनवून त्याच अँड्रोजेनचे इस्ट्रॅडिओल या मुख्य स्त्री-संप्रेरकात रूपांतर करतात. एकटीला कुणालाच ते जमत नाही. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रॅडिओल हे अशा रीतीने अँड्रोजेनपासूनच घडते, ही गोष्ट मला दरवर्षी नव्याने सांगावीशी वाटते, कारण अहवालात टेस्टोस्टेरॉन या अँड्रोजेनचे नाव दिसले की मुली घाबरून जातात.

पाळी सुरू होऊन साधारण एक आठवडा होतो तोवर या पुटकांपैकी एक पुढे गेलेले असते. ते सुमारे १० मिलिमीटरचे झालेले असते आणि त्याचे इस्ट्रॅडिओल व इन्हिबिन बी हे एफएसएचला आवरणारे संप्रेरक रक्तातून पियुषिकेपर्यंत पोहोचून एफएसएच खाली आणतात. एफएसएच कमी झाले की मागे राहिलेली पुटके सुकतात. पुढे गेलेले पुटक मात्र तगते, कारण त्याच्या पेशी थोड्या एफएसएचवरही काम भागवू शकतात आणि शिवाय त्याच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर आता एलएचचे ग्राहकही, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रिसेप्टरही, उगवलेले असतात. इतरांचा आधार काढून घेणारे आणि स्वतः त्या टंचाईत टिकून राहणारे पुटक एकच असते. म्हणून बहुतेक चक्रांत एकच स्त्रीबीज बाहेर पडते.

आता खरा प्रश्न येतो. इतके दिवस इस्ट्रॅडिओल मेंदूला आणि पियुषिकेला आवरून धरत असते. ते वाढले की एलएच व एफएसएच दबतात. मग एके दिवशी तेच इस्ट्रॅडिओल एलएचची प्रचंड लाट कशी उठवते? याचे उत्तर प्रमाण आणि काळ या दोन्हींत आहे. चक्राच्या आरंभी रक्तातील इस्ट्रॅडिओल एका मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅमच्या आत असते. पुढारलेले पुटक वाढते तसे ते चढत जाते, आणि २०० पिकोग्रॅमच्या वर ते सुमारे दोन दिवस सलग राहिले की प्रतिसाद उलटा होतो. पियुषिका दबण्याऐवजी साठवलेले एलएच सोडू लागते. नुसती उंच पातळी पुरत नाही, ती टिकावी लागते, आणि इतके इस्ट्रॅडिओल इतका वेळ देऊ शकते ते केवळ पक्व होत आलेले पुटकच. म्हणजे स्त्रीबीज तयार झाले आहे ही खबर त्याच्या स्वतःच्या घरातूनच जाते. पुटक रेंगाळले तर खबरही रेंगाळते आणि अंडमोचन अठराव्या, विसाव्या किंवा त्याहूनही पुढच्या दिवशी होते. ताप, प्रवास, परीक्षेचा ताण, झपाट्याने उतरलेले वजन यांनी पाळी लांबते ती बहुतेक वेळा या पूर्वार्धातच लांबते.

घड्याळ अंडाशयात आहे हे नुसते तर्काने मानलेले नाही, ते प्रयोगाने दाखवलेले आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ऱ्हिसस माकडिणींवर केलेले हे प्रयोग मला या सबंध विषयातले सर्वांत सुंदर काम वाटते. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून जीएनआरएच नावाचे संप्रेरक ठोक्याठोक्याने सुटते आणि ते पियुषिकेला चालते ठेवते. नोबिल यांच्या गटाने त्या भागातील नेमके केंद्र नष्ट केले, तेव्हा माकडिणींचे एलएच आणि एफएसएच पार खाली गेले. मग त्यांनी पंपाने दर तासाला एक ठोका या हिशेबाने बाहेरून जीएनआरएच दिले. सतत धार लावून पाहिली तेव्हा पियुषिका उलट बधिर झाली आणि ठोके दिले तेव्हा ती पुन्हा कामाला लागली. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दर तासाचा तो ठोका त्यांनी जराही बदलला नाही. मध्ये वाढवला नाही, कमी केला नाही, कोणताही इशारा दिला नाही. तरीही माकडिणींमध्ये पुटके वाढली, इस्ट्रॅडिओल चढले, वेळ आल्यावर एलएचची लाट उठली आणि अंडमोचन झाले. मेंदूकडून येणारा ठोका दिवसेंदिवस एकसारखाच असताना चक्र आपोआप चालले, याचा अर्थ लाटेची वेळ अंडाशयाने ठरवली. पुढे जीएनआरएचच्या अभावामुळे पाळी न येणाऱ्या स्त्रियांनाही असाच पंप लावून उपचार करण्यात आले.

सगळ्याच प्राण्यांत असे नसते. उंदरांच्या जातीत मेंदूतील दिवसरात्रीचे घड्याळ फार बलवान असते. एव्हरेट आणि सॉयर यांनी १९५० साली दाखवले की मादी उंदराला ठरावीक दुपारी, लाट उठण्याच्या वेळेआधी, गुंगीचे औषध दिले तर तिचे अंडमोचन बरोबर एका दिवसाने पुढे जाते. सशाची किंवा मांजराची मादी तर समागम झाल्यावरच बीज सोडते. पाठ्यपुस्तकांतली पुष्कळ माहिती उंदरांवरून आलेली असल्यामुळे हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

लाट उठल्यापासून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंत साधारण ३४ ते ३६ तास जातात आणि या दीड दिवसात पुटकाच्या आत जे घडते ते थक्क करणारे आहे. स्त्रीबीज मुलीच्या जन्माच्याही आधीपासून अर्ध्यावर थांबलेले असते. आईच्या पोटात असतानाच त्याचे अर्धगुणसूत्री विभाजन (मिऑसिस) सुरू होऊन अडकलेले असते आणि पंचवीस-तीस वर्षे ते तसेच राहते. त्याला अडवून धरते ते भोवतालच्या पेशींकडून सूक्ष्म वाहिन्यांमधून सतत येणारे चक्रीय जीएमपी हे लहानसे रसायन. एलएचची लाट आली की बाहेरच्या पेशींमध्ये त्याचे उत्पादन घटते, वाहिन्या मिटतात, बीजातला त्याचा साठा उतरतो आणि बीजाला अडवणारा चक्रीय एएमपीही त्यापाठोपाठ मोडला जातो. इतक्या वर्षांचे थांबलेले विभाजन काही तासांत पुढे सरकते, गुणसूत्रांचा अर्धा वाटा एका छोट्या ध्रुवीय पिंडात टाकून दिला जातो आणि बीज पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर थांबते. हे दुसरे थांबणे शुक्राणू आत शिरेपर्यंतचे असते. एलएच स्वतः बीजाला स्पर्शही करत नाही. त्याचे ग्राहक बाहेरच्या पेशींवर असतात, आणि त्या पेशी ॲम्फिरेग्युलिनसारखे निरोप्ये सोडून आतल्या पेशींना कामाला लावतात. बीजाला चिकटून बसलेल्या पेशी तेव्हा हायलुरोनिक आम्ल स्रवू लागतात आणि तो सगळा पुंजका, साबुदाणा भिजून फुगावा तसा, सैल, बुळबुळीत आणि आकाराने मोठा होतो.

याच वेळी संप्रेरकांच्या रेघा एकमेकींना छेदतात. थीका पेशींची अँड्रोजेन बनवण्याची क्षमता लाटेच्या माऱ्याने खालावते, कच्चा मालच न मिळाल्याने इस्ट्रॅडिओल घसरते आणि ग्रॅन्युलोसा पेशी प्रोजेस्टेरॉनकडे, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार करणाऱ्या संप्रेरकाकडे, वळतात. प्रोजेस्टेरॉन अंडमोचनानंतर येते असे सरसकट सांगितले जाते, परंतु त्याची पहिली चढण बीज बाहेर पडण्याच्या आधीच, लाटेच्या सुमारास सुरू झालेली असते. ही चढण किरकोळ नाही. प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरिणींत पुटके पूर्ण वाढतात, पण फुटत नाहीत, हे १९९५ साली दिसून आले. फुटण्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या बरोबरीने प्रोस्टाग्लँडिनही लागतात. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे सूज आणि वेदना यांच्याशी निगडित असलेली तीच द्रव्ये. रक्तवाहिन्या पाझरतात, पांढऱ्या पेशी जमतात, प्रथिने तोडणारी विकरे पुटकाची भिंत एका जागी विरवत नेतात. अंडमोचन ही एक मर्यादित आणि नियंत्रित दाह-प्रक्रिया आहे, असे लॉरेन्स एस्पी यांनी १९८० साली मांडले होते आणि पुढच्या संशोधनाने ते बळकटच झाले. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात, आणि अंडमोचनाच्या दिवसांत त्या सलग घेतल्या तर पुटक न फुटता तसेच राहू शकते. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी त्या दिवसांत अशी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. संधिवातासारख्या आजारासाठी ज्या रोज घेतात त्यांनी तर हे आवर्जून बोलावे. गोळी बंद केल्यावर हा परिणाम जातो.

बीज प्रत्यक्ष बाहेर पडताना फार थोड्या लोकांनी पाहिले आहे. बेल्जियममधील स्त्रीरोगतज्ज्ञ जाक दोने हे एका स्त्रीच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया करत असताना योगायोगाने ते घडत होते आणि त्यांनी त्याचे चित्रण केले, जे २००८ साली सर्वांसमोर आले. अंडाशयाच्या पृष्ठभागावर आलेला लालसर उंचवटा, त्यातून हळूहळू बाहेर येणारा पिवळसर, चिकट पुंजका आणि त्यात दडलेले एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे बीज त्यात दिसते. पुटक फट्कन फुटत असावे असा समज होता. या चित्रणात मात्र बीज बाहेर यायला सुमारे १५ मिनिटे लागली.

या ३६ तासांच्या हिशेबावर वंध्यत्वावरील उपचारांचा मोठा भाग उभा आहे. टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र घडवणारे रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६०च्या दशकात माणसाचे बीज प्रयोगशाळेत पक्व व्हायला किती तास लागतात हे बारकाईने पाहिले होते. १९७८ साली जन्मलेल्या लुईस ब्राउन या जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या वेळी तिच्या आईला पुटके वाढवणारी औषधे दिलेली नव्हती. लघवीतले एलएच पुन्हा पुन्हा मोजून लाट कधी उठली ते शोधले गेले आणि त्यावरून बीज काढण्याची वेळ ठरली. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, त्यामागेही संप्रेरके मोजण्याचे हेच कौशल्य होते. आज सोनोग्राफीत पुटक १८ ते २० मिलिमीटरचे दिसले की एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. एचसीजी एलएचच्याच ग्राहकावर बसते, त्यामुळे ते लाटेची जागा घेते. रात्री अमुक वाजताच इंजेक्शन घ्या असे डॉक्टर बजावतात, ते याच हिशेबामुळे. बीज काढायचे असेल तर ३६ तासांच्या खूप आधी गेल्यास ते कच्चे मिळते आणि उशीर झाल्यास पुटक आधीच फुटून गेलेले असते.

जिथे ही खबर जातच नाही, तिथले चित्र आता आपल्याकडे घरोघरी परिचयाचे झाले आहे. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या विकारात जीएनआरएचचे ठोके वेगाने पडतात, त्यामुळे एलएच एफएसएचच्या तुलनेत वरचढ राहते, थीका पेशी भरपूर अँड्रोजेन बनवतात आणि लहान लहान पुटके वाढून मध्येच थांबतात. सोनोग्राफीत ज्यांना ‘सिस्ट’ म्हणून दाखवले जाते ती ही थांबलेली पुटके असतात, गाठी नव्हेत. एकही पुटक पुढे न गेल्याने इस्ट्रॅडिओल आवश्यक उंचीवर आवश्यक काळ टिकत नाही आणि लाट उठत नाही. त्यातच एलएच मुळातच चढलेले असल्यामुळे औषधाच्या दुकानात मिळणारी लघवीची पट्टी अनेकदा लाट नसतानाही दोन रेघा दाखवते. अशा मुलींनी पट्टीवर विसंबून महिने घालवावेत याचे मला फार वाईट वाटते.

बीज निघून गेल्यावर रिकाम्या पुटकाचे पीतपिंड (कॉर्पस ल्यूटियम) होते. आतापर्यंत ग्रॅन्युलोसा पेशींपर्यंत रक्तवाहिन्या पोहोचत नव्हत्या, मधले पटल आड येत होते. ते पटल मोडले की वाहिन्या झपाट्याने आत शिरतात, त्यांच्याबरोबर रक्तातील कोलेस्टेरॉल येते आणि त्यापासून दिवसाला २५ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेले तापमान यामुळेच ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढते. ते चढते अंडमोचन झाल्यावर, म्हणून तापमानावरून बीज सुटून गेल्याचे कळते, सुटणार असल्याचे कळत नाही.

अंडमोचन झाले की नाही हे पाहण्यासाठी एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासायला सांगतात. या एकविसाव्या दिवसामागे तोच चौदावा दिवस दडलेला आहे, कारण ही तपासणी अंडमोचनानंतर सुमारे सात दिवसांनी करायची असते. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचे अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या आसपास होत असते. त्या दिवशी रक्त दिले तर प्रोजेस्टेरॉन कमीच येणार, आणि ‘तुमचे अंडे फुटत नाही’ असा निष्कर्ष तिच्या माथी मारला जाणार. तिने ही तपासणी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास करायला हवी. एका मिलिलिटरमागे ३ नॅनोग्रॅमच्या वरची पातळी अंडमोचन झाल्याची खूण मानतात. शिवाय पीतपिंड प्रोजेस्टेरॉनही एलएचच्या ठोक्यांबरोबर सोडते, त्यामुळे काही तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत अनेक पटींचा फरक पडू शकतो. एका कमी आकड्यावरून पीतपिंड दुर्बळ ठरवणे म्हणूनच योग्य नव्हे.

गर्भ रुजला नाही तर पीतपिंड सुमारे दोन आठवड्यांत ओसरते. प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल आणि इन्हिबिन ए उतरतात, गर्भाशयाचे अस्तर सुटते, आणि पियुषिकेवरचा भार हलका झाल्यामुळे एफएसएच पाळी सुरू होण्याच्या आधीच वर सरकू लागलेले असते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एफएसएच तपासतात तेव्हा त्याच नमुन्यात इस्ट्रॅडिओलही मोजायला सांगतात, त्याचे कारण इथे आहे. एखादे पुटक वेळेआधीच वाढून इस्ट्रॅडिओल देऊ लागले असेल तर त्याने एफएसएच खाली ओढलेले असते आणि अहवालात दिसणारा एफएसएचचा समाधानकारक आकडा फसवा असतो. नुसते एफएसएच लिहिलेला अहवाल हाती आला तर त्याच दिवसाचे इस्ट्रॅडिओल किती होते, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.